आठवीचा अणू आणि दुधाळ्याची वेधशाळा

बालभारतीच्या आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘अणूचे अंतरंग’ नावाचा पाठ आहे. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाचही तालुक्यांतल्या शाळांत तो दरवर्षी शिकवला जातो. मुले वहीत मधोमध एक गोळा काढतात, त्याच्याभोवती वर्तुळे आणि वर्तुळांवर ठिपके. आकृतीला नावे दिली की गुण मिळतात आणि पाठ संपतो. अणू खरोखर असा आहे हे कुणाला, कधी आणि कशावरून कळले, हा प्रश्न वर्गात क्वचितच विचारला जातो.

याच जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा येथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने 17 फेब्रुवारी 2016 रोजी तिला तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल 2023 मध्ये सुमारे 2,600 कोटी रुपयांच्या खर्चाला अंतिम मंजुरी मिळाली आणि 11 मे 2023 रोजी पायाभरणी झाली. काटकोनात पसरलेले चार-चार किलोमीटर लांबीचे दोन हात, त्यांच्या टोकांना आरसे आणि त्यांच्यामध्ये ये-जा करणारा लेसरचा झोत, अशी तिची रचना आहे. गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशाला किंचित ताणणारी-आकसणारी लहर, जाताना या आरशांमधल्या अंतरात प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडला तरी तो टिपायचा, हे तिचे काम. आठवीच्या वहीत मधल्या गोळ्यात बसवला जाणारा प्रोटॉन दुधाळ्यात मोजमापाची पट्टी ठरणार आहे. म्हणून अणूचा पाठ हिंगोलीत तरी पाठांतराचा राहू नये, तो पुराव्यांची साखळी म्हणून शिकवला जावा, हे आमचे ठाम मत आहे.

ही साखळी कुठल्याही घरातल्या चुलीपासून सुरू करता येते. गॅसच्या निळ्या ज्योतीवर वरण उतू गेले की ज्योत एकदम पिवळी होते. हा पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा असतो. तांब्याच्या क्षारांची ज्योत हिरवी, पोटॅशियमची जांभळट. 1859-60 च्या सुमारास जर्मनीतील हायडेलबर्ग येथे बुन्सेन आणि किरखोफ यांनी असा प्रकाश लोलकातून पाहिला, तेव्हा प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात हे स्पष्ट झाले. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा अगदी शेजारी-शेजारी, 589 नॅनोमीटरच्या आसपास पडतात. त्या तिथेच का पडतात, हे तेव्हा कुणालाही सांगता येत नव्हते. अणूच्या आत काहीतरी ठरावीक रचना आहे, एवढी चाहूल मात्र या रेषांनी दिली.

पुढची कडी दख्खनच्या आकाशात सापडते. 18 ऑगस्ट 1868 रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून विजापूर, गुंटूर असा पूर्वेकडे गेला. गुंटूरला फ्रान्सचे जान्सेन होते, मछलीपट्टणला मद्रास वेधशाळेचे पॉगसन, आणि पटवर्धनांच्या जमखिंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहताना तिथे एक पिवळी रेषा दिसली. ती सोडियमचीच असावी असे आधी वाटले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून ग्रहणाशिवायच सूर्याचा वेध घेणाऱ्या नॉर्मन लॉकयर यांनी ती सोडियमच्या रेषांपासून थोडी बाजूला, 587.6 नॅनोमीटरजवळ आहे हे दाखवले. जेमतेम दीड नॅनोमीटरचा फरक! पण तेवढ्यावरून पृथ्वीवर कुणीही न पाहिलेले मूलद्रव्य सूर्यावर असल्याचा दावा उभा राहिला. त्याला हेलियम नाव मिळाले आणि 1895 मध्ये विल्यम रॅम्झी यांना युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा सापडली. मधली 27 वर्षे अनेक मोठे शास्त्रज्ञ या दाव्याकडे संशयाने पाहत राहिले, आणि पुरावा हाती येईपर्यंत त्यांचा संशय रास्तच होता.

युरेनियमच्या खनिजातच हेलियम का? याचे उत्तर अर्नेस्ट रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेतून आले. युरेनियमसारख्या किरणोत्सारी पदार्थांतून वेगाने बाहेर पडणारे अल्फा कण म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले हेलियमचे अणू, हे त्यांनी 1908-09 मध्ये सिद्ध केले. तोवर इलेक्ट्रॉन सापडून दशक उलटले होते. जे. जे. थॉमसन यांनी 1897 मध्ये दाखवून दिले होते, की सगळ्या पदार्थांतून एकाच जातीचे, हायड्रोजनच्या अणूपेक्षा कितीतरी हलके ऋणप्रभारित कण निघतात. डाल्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अविभाज्य मानलेला अणू आता फुटू शकत होता. त्याच्या आत ऋणप्रभार आहे तर तोलाला धनप्रभारही हवा. तो कुठे आणि कसा ठेवलेला आहे, हा प्रश्न उरला.

मँचेस्टरला 1909 मध्ये रदरफर्ड यांच्या सांगण्यावरून हान्स गायगर आणि अर्नेस्ट मार्सडन यांनी धातूच्या पातळ पत्र्यांवर अल्फा कणांचा मारा केला. त्यांतला सोन्याचा वर्ख मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून पातळ होता. अल्फा कण झिंक सल्फाइडच्या पडद्यावर आदळला की बारीकशी ठिणगी चमके. ती दिसावी म्हणून आधी बराच वेळ अंधारात बसून डोळे सरावायचे, मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एकेक चमक मोजायची. मार्सडन तेव्हा 20 वर्षांचा होता आणि त्याचे पदवीचे शिक्षण अजून चालू होते. बहुतेक कण पत्र्यातून जवळजवळ सरळ पार गेले, पण हजारोंत एखादा आल्या वाटेने मागे फिरला. अणूतला धनप्रभार सगळीकडे पसरलेला असता तर इतक्या वेगवान, जड कणाला परत फिरवण्याची ताकद त्याच्यात आली नसती. म्हणून 1911 मध्ये रदरफर्ड यांनी निष्कर्ष मांडला, की अणूचे जवळजवळ सारे वस्तुमान आणि सारा धनप्रभार अतिशय छोट्या केंद्रकात एकवटलेला आहे.

हे केंद्रक किती छोटे, याचा अंदाज हिंगोलीच्या विद्यार्थ्याला आता घरबसल्या येऊ शकतो. हायड्रोजनचा अणू फुगवून दुधाळ्याच्या एका हाताएवढा, म्हणजे चार किलोमीटर रुंद केला, तर त्याचे केंद्रक असलेला प्रोटॉन सहा-सात सेंटिमीटरचा, एखाद्या मोसंबीएवढा भरेल. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत हे प्रमाण दाखवणे अशक्य आहे. म्हणून ते वर्गात शिक्षकाने तोंडाने सांगितलेच पाहिजे, नाहीतर मुलाच्या मनात केंद्रक अणूच्या निम्म्या आकाराचे होऊन बसते.

1913 मध्ये दोन गोष्टी जवळपास एकदम घडल्या. नील्स बोर यांनी इलेक्ट्रॉनला ठरावीक ऊर्जापातळ्या बहाल केल्या. इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर आला की मधला फरक प्रकाश होऊन बाहेर पडतो. सोडियमचा पिवळा रंग आणि हेलियमची 1868 मधली रेषा यांच्यामागे हेच काम चालते. बोर यांचे गणित तंतोतंत जुळले ते हायड्रोजनसारख्या एकच इलेक्ट्रॉन असलेल्या अणूंपुरतेच, आणि 1925-26 नंतर इलेक्ट्रॉनच्या ठरलेल्या वाटा ही कल्पनाही मागे पडली. वहीतली वर्तुळे हा त्या वाटेवरचा एक मुक्काम आहे, हे विद्यार्थ्यांना प्रामाणिकपणे सांगावे. कवचांतले इलेक्ट्रॉन मोजून संयुजा समजते, म्हणून हा मुक्काम अजूनही उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट हेन्री मोझ्ली यांची. मूलद्रव्यांच्या क्ष-किरणांची वारंवारिता मोजून त्यांनी दाखवले, की आवर्तसारणीतला क्रमांक म्हणजे केंद्रकावरच्या धनप्रभाराचे माप आहे. अणुअंकाला अर्थ मिळाला तो तिथून. 10 ऑगस्ट 1915 रोजी पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या रणांगणावर ते मारले गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे 27 होते. शेवटची मोठी कडी 1932 मध्ये जेम्स चॅडविक यांनी जोडली. प्रभार नसलेला न्यूट्रॉन सापडला आणि अणूचे वस्तुमान प्रोटॉनांच्या बेरजेपेक्षा जास्त का भरते हे उलगडले.

आठवी-नववीच्या मुलाने या इतिहासातून थोडक्या गोष्टी पक्क्या कराव्यात. अणुअंक म्हणजे प्रोटॉनांची संख्या, तीच मूलद्रव्याची ओळख. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून अणुवस्तुमानांक. सोडियमचा अणुअंक 11 आणि अणुवस्तुमानांक 23, म्हणून न्यूट्रॉन 12. प्रोटॉन तेवढेच पण न्यूट्रॉन वेगळे असले तर ती समस्थानिके. कार्बन-12 आणि कार्बन-14 ही दोन्ही कार्बनच, कारण दोघांतही प्रोटॉन सहाच. इलेक्ट्रॉनांची मांडणी सोडियममध्ये 2, 8, 1 आणि क्लोरीनमध्ये 2, 8, 7. सोडियमचा शेवटचा इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे गेला की पाण्यात पेट घेणारा धातू आणि विषारी वायू मिळून जेवणातले मीठ तयार होते. दोघांच्याही केंद्रकांना यात धक्का लागत नाही.

रसायनशास्त्राचा सारा कारभार इलेक्ट्रॉनांकडे असतो, हे सांगायला हिंगोली जिल्ह्यात हळदीइतके चांगले साधन नाही. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. काढणी, शिजवणी, वाळवणी आणि पॉलिश ही कामे इथल्या मुलांच्या डोळ्यांदेखत होतात. हळदीचा पिवळेपणा मुख्यतः कर्क्युमिनचा. त्याच्या रेणूत 21 कार्बन, 20 हायड्रोजन आणि 6 ऑक्सिजन अणू असतात. या रेणूतले इलेक्ट्रॉन निळा-जांभळा प्रकाश शोषतात, म्हणून उरलेला प्रकाश डोळ्याला पिवळा दिसतो. त्याच हळदीत चुना कालवला की ती लालभडक होते. कुंकू करण्याची जुनी रीत हीच. चुन्याच्या अल्कधर्मामुळे कर्क्युमिनच्या रेणूतून हायड्रोजनचे केंद्रक, म्हणजे प्रोटॉन, निघून जातो. इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते आणि शोषला जाणारा प्रकाशही बदलतो. कार्बनचा कार्बन आणि ऑक्सिजनचा ऑक्सिजनच राहतो. चिमूटभर हळद, बोटभर चुना आणि पाण्याची वाटी एवढ्यावर हा प्रयोग कुठल्याही जिल्हा परिषद शाळेत होतो.

आता पुन्हा दुधाळ्याकडे येऊ. एखादी हुशार मुलगी इथे विचारेल, की आरसासुद्धा अणूंचाच बनलेला, अणू सतत थरथरत असतात आणि त्यांचा आकार प्रोटॉनच्या हजारो पट मोठा. मग प्रोटॉनहून लहान फरक आरशावर मोजायचा कसा? प्रश्न बिनतोड आहे. लायगोचे आरसे शुद्ध सिलिकाचे, 34 सेंटिमीटर व्यासाचे आणि 40 किलो वजनाचे असतात. त्यांच्यावर पडणारा लेसरचा झोत हाताच्या पंजाएवढा रुंद असतो, त्यामुळे तो एका वेळी अगणित अणूंची सरासरी जागा टिपतो. एकेका अणूची थरथर या सरासरीत बुडून जाते. तरीही जी थोडी उरते, विशेषतः आरशावरच्या लेपातली, ती या यंत्राच्या अचूकतेला पडणाऱ्या मर्यादांपैकी एक आहे. खुद्द लेसरचा 1,064 नॅनोमीटरचा अदृश्य प्रकाशही निओडायमियमच्या अणूंतले इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवरून खाली येताना निघतो. बोर यांच्या पातळ्या ज्याला समजल्या, त्याला या लेसरचे मर्मही समजले.

अशा वेधशाळांनी अणूच्या गोष्टीत स्वतःचीही भर घातली आहे. अमेरिकेतल्या दोन लायगो यंत्रांनी 14 सप्टेंबर 2015 रोजी सुमारे 130 कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दोन कृष्णविवरांच्या मीलनाची लहर प्रथम टिपली. 17 ऑगस्ट 2017 रोजी सुमारे 13 कोटी प्रकाशवर्षांवरच्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर नोंदली गेली आणि जगभरच्या दुर्बिणी त्या दिशेला वळल्या. त्या प्रकाशाच्या वर्णपटात स्ट्रॉन्शियमच्या खुणा असल्याचे 2019 मध्ये जाहीर झाले. अशा टकरीत केंद्रके भराभर न्यूट्रॉन गिळतात, मग त्यांतले काही न्यूट्रॉन प्रोटॉन होतात आणि अणुअंक चढत जातो. सोन्यासारखी जड मूलद्रव्ये याच वाटेने घडतात. ज्या सोन्याच्या वर्खाने केंद्रकाचा शोध लावून दिला, त्या सोन्याचा जन्म कसा होतो हे शतकभराने गुरुत्वीय लहरींच्या मदतीने उमगू लागले. भारतातले यंत्र सुरू झाले, की लहर नेमकी आकाशाच्या कोणत्या भागातून आली हे ठरवणे आणखी सोपे होईल.

एवढी लांब साखळी सांगण्याचे कारण मराठवाड्याच्या इतिहासात आहे. केंद्रकाचा शोध लागला तेव्हा हिंगोली निजामाच्या राज्यात होती. 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञान उर्दूतून शिकवले जाई. एका भारतीय भाषेतून विज्ञान शिकवण्याचा तो मोठा प्रयत्न होता, त्याचा मान ठेवलाच पाहिजे. पण मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाला त्या दारापर्यंत पोहोचायला परकी भाषा आणि दूरचे शहर, दोन्ही ओलांडावे लागत. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद मुक्त झाले. 1950 मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ आले, 1994 मध्ये नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले आणि 1 मे 1999 रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. अणूचे ज्ञान या भागातल्या सामान्य घरात जगापेक्षा दोन पिढ्या उशिरा आले. मुलांच्या बुद्धीत काही कमी नव्हते, शाळा-महाविद्यालयेच नव्हती. गुरुत्वीय लहरींच्या बाबतीत हा उशीर पुन्हा होता कामा नये.

बुद्धी आणि पार्श्वभूमी यांचा संबंध किती लावायचा, हे मेघनाद साहांकडे पाहून ठरवावे. ढाक्याजवळच्या शेवडातली गावात, लहानशा दुकानदाराच्या घरात 1893 मध्ये त्यांचा जन्म झाला. 1920 मध्ये त्यांनी सूर्याच्या वर्णगोलातल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उष्णतेने कसे सुटतात, याचे समीकरण मांडले. हेलियमची रेषा 1868 मध्ये सूर्याच्या याच थराच्या परिसरात दिसली होती. ताऱ्यांच्या प्रकाशातून त्यांचे तापमान आणि घटक वाचण्याची किल्ली एका खेड्यातल्या मुलाने जगाच्या हाती दिली. सेनगाव किंवा कळमनुरीच्या वर्गात हे नाव अणूच्या पाठाबरोबरच घेतले गेले पाहिजे.

कणादांचेही नाव घ्यावे. पदार्थाचे तुकडे करत गेलो तर अखेरीस काय उरते, हा प्रश्न त्यांच्या वैशेषिक परंपरेने फार पूर्वी विचारला, ग्रीसमध्ये डेमॉक्रिटसनेही विचारला. मात्र आजचा अणू तर्कातून निघालेला नाही. मोजमाप करत, चुका दुरुस्त करत माणसे तिथवर पोहोचली. पूर्वजांच्या प्रश्नाचा खरा सन्मान त्याचे उत्तर तपासण्यात आहे.

अणूच्या इतिहासाची काळी बाजूही मुलांपासून लपवू नये. अमेरिकेतल्या दोन लायगो यंत्रांपैकी एक हॅनफर्डला आहे. 9 ऑगस्ट 1945 रोजी नागासाकीवर टाकलेल्या बॉम्बचे प्लुटोनियम याच हॅनफर्डच्या परिसरात तयार झाले होते. ज्या भूमीवर शहर बेचिराख करणाऱ्या बॉम्बची सामग्री घडली, तिथेच आज विश्वातली सूक्ष्म लहर ऐकली जाते. दुधाळ्याच्या प्रकल्पातही अणुऊर्जा विभागाचा प्रमुख वाटा आहे. ज्ञान कशासाठी वापरायचे हा प्रश्न नागरिकशास्त्राच्या तासावर ढकलून विज्ञानाच्या शिक्षकाला मोकळे होता येणार नाही.

मुलांना एवढे झेपेल का, अभ्यासक्रम पुरा कधी होणार, असे आक्षेप येतील. तासांची आणि शिक्षकांची ओढाताण खरी आहे, तिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. पण आम्ही नवा धडा मागत नाही, आहे तोच धडा क्रम बदलून शिकवा एवढेच म्हणतो. आधी पिवळी ज्योत दाखवावी, मग रेषा, मग सोन्याचा वर्ख आणि सगळ्यात शेवटी आकृती. जुन्या सीडीचा तुकडा आणि पुठ्ठ्याची नळी यांतून मुलेच वर्णपटदर्शक बनवू शकतात. त्यातून बल्ब, ट्यूबलाइट आणि मिठाने पिवळी झालेली ज्योत पाहिली, की प्रत्येक प्रकाशाचा पट वेगळा आहे हे डोळ्यांना पटते. ज्याने हे एकदा पाहिले, त्याला ऊर्जापातळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

यासाठी शिक्षण विभागाने पाचही तालुक्यांतल्या विज्ञान शिक्षकांचे प्रशिक्षण याच विषयावर घ्यावे. जिल्हा परिषदेने प्रत्येक माध्यमिक शाळेला साधे विवर्तन जालक, लोलक आणि लागणारे क्षार पुरवावेत. कोट्यवधींच्या प्रकल्पाशेजारी हा खर्च किरकोळ आहे. वेधशाळेशी संबंधित संस्थांनी, त्यात पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आलीच, मराठीतून सोपी पण अचूक पुस्तिका काढावी आणि दुधाळ्याच्या आवारात शाळांसाठी कायमचे दालन आताच आराखड्यात धरावे. जयंत नारळीकरांनी उभी केलेली ही संस्था आणि त्यांनी आयुष्यभर केलेले मराठी विज्ञानलेखन पाहता, ही अपेक्षा वाजवी आहे. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी निर्वात तंत्र, प्रकाशशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स यांची तयारी आजपासून करून घ्यावी.

वेधशाळेसाठी जमीन हिंगोलीने दिली आहे. तिथल्या नोकऱ्यांत या जिल्ह्यातली मुले केवळ पहारेकरी आणि वाहनचालक म्हणून दिसली, तर तो आपल्या शाळांचा पराभव असेल. लेसर जुळवणारे, आरसे तपासणारे आणि लहरींची नोंद वाचणारे लोकही इथूनच निघाले पाहिजेत. त्यांची तयारी आठवीतल्या अणूच्या पाठापासून होते. हा पाठ येत्या जूनपासूनच पुराव्यांसह शिकवायला घ्या.